पॅरिसचा विषाणू, पुण्याच्या पेशी

३ जानेवारी १९८३. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या एका प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तुम्ही उभे आहात. तुम्ही कुणाला दिसत नाही, तुम्हाला कशाला हात लावता येत नाही. बघायची आणि ऐकायची मात्र पूर्ण मुभा आहे. ल्यूक मोंताग्निए यांच्यासमोर एका तरुणाच्या मानेतून काढलेल्या लसिकाग्रंथीचा तुकडा आहे. या तरुणाला अजून एड्स झालेला नाही, नुसत्या गाठी सुजल्यात. डॉ. विली रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम असाच रुग्ण निवडलाय. आजार पुरता बळावला की ज्या पेशी मरतात त्याच शरीरात फारशा शिल्लक नसतात. मग त्यांना मारणारा तरी तिथे कसा सापडावा?

गाठ बारीक कापली जाते. पेशी सुट्या होऊन गुलाबी पोषक द्रवात उतरतात. त्यात आणखी एक गोष्ट घातली जाते, ती नीट बघून ठेवा: इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं. विषाणू आत शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडते. शेजारच्या पेशींना तो इशारा पोचतो आणि त्या आपल्या आत विषाणूची वाढ रोखणारी प्रथिनं तयार करू लागतात. आज इथे विषाणू वाढायला हवाय, म्हणून तो इशारा दाबून टाकलाय. एचआयव्ही हे नावसुद्धा अजून कुणी ठेवलेलं नाही, पण त्याचा माग काढणाऱ्यांनी पहिली दखल घेतली आहे ती पेशींच्या प्रतिकाराची.

दोन आठवडे पुढे सरका. फ्रान्स्वाज बारे-सिनुसी दर थोड्या दिवसांनी या द्रवात रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज शोधताहेत. आरएनएवरून डीएनए घडवणारं हे विकर सापडलं, तर आत रेट्रोव्हायरस आहे असं समजायचं. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राचे आकडे आजवर तळाशी होते. आता ते चढू लागलेत. खोलीतला आनंद चार दिवसही टिकत नाही, कारण पेशी मरायला लागतात. पेशी गेल्या की विषाणूही गेला. मग एका निरोगी रक्तदात्याच्या ताज्या लिम्फोसाइट पेशी आणून त्यात घातल्या जातात आणि आकडे पुन्हा उसळतात. या संशोधनाला २००८ साली नोबेल मिळेल. तुम्ही मात्र त्या क्षणी एवढंच पाहिलंत, की जिवंत राहायला या विषाणूला नेमक्या आपल्या संरक्षक पेशीच लागतात.

याच वर्षी पुढे, याच प्रयोगशाळेत एक घोटाळा होतो. दुसऱ्या एका रुग्णाकडून मिळालेला विषाणू पहिल्याच्या संवर्धनात मिसळतो. तो भराभर वाढणारा आहे. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या जगवल्या जाणाऱ्या टी-पेशींमध्ये पहिला रुळायला तयार नसतो, हा मात्र धावत सुटतो आणि पहिल्याला मागे टाकतो. नमुने अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्याकडे जातात, तिथेही हाच डोकं वर काढतो. कुणाच्या बाटलीत कुणाचा विषाणू होता, हे उलगडायला १९९१ उजाडतं. त्या वाणाचं नाव एलएआय. जगभरच्या प्रयोगशाळा पुढे वर्षानुवर्षं ज्याच्याशी तुलना करत राहिल्या, तो हा. एका अपघातात प्रयोगशाळेतल्या पेशींनी त्याला निवडलं आणि तो साऱ्या जगाचं माप होऊन बसला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुण्यात गेल्यावर तिची किंमत कळेल.

त्याआधी अॅमस्टरडॅम. १९८० चं दशक संपत आलंय. १९८४ पासून इथे समलिंगी पुरुषांचा एक गट स्वेच्छेनं नियमित रक्त देतोय, त्यामुळे एकाच माणसातला विषाणू वर्षानुवर्षं पाहता येतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. त्यांच्या पांढऱ्या पेशी एमटी-२ नावाच्या टी-पेशींसोबत वाढवल्यात. पहिल्या बशीत पेशी गोल, सुट्या, टवटवीत आहेत. विषाणू असूनही यांच्यावर काही परिणाम नाही. दुसऱ्या बशीत मात्र शेजारशेजारच्या पेशींची आवरणं विरघळून एकमेकींत मिसळलीत. एकेका फुगलेल्या गोळ्यात कितीतरी केंद्रकं दाटीवाटीनं अडकलीत. थोड्याच वेळात हा गोळा फुटून मरेल. दोन्ही बश्यांत एचआयव्हीच आहे. पण ज्यांच्या रक्तातून असे महाकाय गोळे करणारे वाण निघतात, त्यांच्या सीडी४ पेशी, म्हणजे विषाणू ज्यांना गाठतो त्या टी-पेशी, पुढे झपाट्यानं घसरतात. दोन वाणांमध्ये हा फरक कशानं पडतो, हे या खोलीत अजून कुणाला ठाऊक नाही.

उत्तर १९९६ मध्ये, वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथे मिळतं. सीडी४ हे पेशीवरचं प्रथिन विषाणू पकडतो, हे १९८४ पासून माहीत आहे. पण उंदराच्या पेशीवर माणसाचं सीडी४ बसवलं तरी विषाणू आत शिरत नाही. म्हणजे माणसाच्या पेशीवर आणखी काहीतरी असलं पाहिजे. एडवर्ड बर्जर यांच्या प्रयोगशाळेत यू फंग माणसाची जनुकं उंदराच्या पेशींमध्ये घालून पाहताहेत. विषाणूचं प्रथिन बाळगणारी पेशी आणि उंदराची पेशी एकमेकींत मिसळल्या तर निळा रंग उमटेल, अशी सोय केली आहे. बशीमागून बशी रंगहीन. मग एका जनुकाला निळा ठिपका येतो! हे सीएक्ससीआर४. मे महिन्यात शोध छापून येतो. मात्र हे प्रथिन एलएआयसारख्या प्रयोगशाळेत रुळलेल्या वाणांनाच उपयोगी पडतं. नव्यानं लागण झालेल्यांत सापडणारे वाण त्याला विचारतही नाहीत.

जूनमध्ये, काही दिवसांच्या अंतरानं, पाच प्रयोगशाळा दुसरं नाव जाहीर करतात: सीसीआर५. हा धागा पेशींनीच हातात दिला होता. सॅन फ्रान्सिस्कोत जे लेव्ही यांनी १९८६ मध्येच दाखवलं होतं की सीडी८ या मारक टी-पेशी जवळ असल्या तर विषाणूची वाढ थांबते, आणि त्यासाठी त्या कुणाला मारतही नाहीत. १९९५ च्या डिसेंबरात गॅलो यांच्या गटानं त्या पेशी सोडत असलेली तीन रसायनं ओळखली. ती सीसीआर५ वर जाऊन बसतात, मग विषाणूला जागाच उरत नाही. पण सीएक्ससीआर४ धरणाऱ्या वाणांवर या तिघांचा काही इलाज चालत नाही. तीच पेशी, तीच तिची रसायनं, एका वाणाला रोखतात आणि दुसरा खुशाल आत जातो.

अॅमस्टरडॅमच्या दोन बश्यांचं कोडं इथे बरंचसं सुटतं. सीसीआर५ मुख्यतः मॅक्रोफेज आणि पूर्वी एखाद्या जंतूशी गाठ पडलेल्या टी-पेशींवर असतं. सीएक्ससीआर४ तर अजून कशालाच सामोऱ्या न गेलेल्या कोऱ्या टी-पेशींवरही असतं; त्या पकडता आल्या की शरीराची पुढची राखीव फौजच धोक्यात येते. पण म्हणून सीसीआर५ धरणाऱ्या वाणांना सौम्य समजू नका. लागण झाल्यापासून काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशींचा ते फडशा पाडतात. रक्ताच्या तपासणीत तेव्हा फारसं काही दिसतही नाही.

आता भोसरीला चला. साल १९९३. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, नारी, सुरू होऊन जेमतेम वर्ष होतंय. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली आहे. बाकावर बसलेल्या बायकांकडे बघा. यांच्यातल्या कितीजणींचा नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आलेला नाही. १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकारी यांचा अहवाल छापून येईल: वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित. या बायका काही चुकल्या नव्हत्या. विषाणू त्यांच्या घरात आला, आणि समाजानं मात्र जाब त्यांनाच विचारला. याचा राग मला आजही येतो.

रक्ताची नळी प्रयोगशाळेत येते. तिच्यामागे आत जा. एका दाट द्रवावर रक्त अलगद सोडलं जातं, नळी यंत्रात गरगर फिरते. बाहेर काढल्यावर तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे दुधासारखं एक अंधुक कडं. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट पेशी त्या कड्यात असतात. पिपेटच्या टोकानं ते कडं तेवढं उचलायचं. हात हलला की सगळं मिसळलं. या पेशी निरोगी दात्याच्या पेशींसोबत वाढवायच्या असतात, पण दात्याच्या पेशी झोपलेल्या चालत नाहीत. त्यांना चेतवायला घालतात ते प्रथिन राजम्यापासून काढलेलं असतं. झोपलेल्या टी-पेशीत या विषाणूचं काम नीट चालत नाही. शत्रू आलाय असं वाटून ती जागी झाली, विभाजनाला लागली, की तिचीच यंत्रणा तो वापरतो. शरीरातही हेच घडतं. सावध झालेली पेशीच त्याला सगळ्यात जास्त मानवते.

असे सहा विषाणू इथून निघतात, नुकतीच लागण झालेल्या सहा जणांचे. पुण्याचे आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे संशोधक त्यांची जवळपास संपूर्ण जनुकीय संहिता वाचतात. प्रत्येकी सुमारे ९,००० अक्षरं. पाच विषाणू एचआयव्हीच्या सी उपप्रकारातले, सहावा ए आणि सी यांची सरमिसळ. दोन वाण एकाच पेशीत शिरले तर नव्या प्रती काढताना विषाणूचं विकर एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं, त्यातून असं मिश्रण जन्मतं. पॅरिस, अॅमस्टरडॅम आणि सॅन फ्रान्सिस्कोचे विषाणू बी उपप्रकारातले. भारतात मात्र बहुतेक सगळा सी.

यानं काय बिघडतं, हे कळायला दोन वर्षं मागे, १९९१ च्या ऑक्सफर्डमध्ये डोकावावं लागतं. बाधित पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे, एचएलए नावाच्या रेणूवर धरून बाहेर दाखवते. मारक टी-पेशी शितावरून भाताची परीक्षा करते. तिला विषाणू कधीच दिसत नाही, दिसतो तो हा एक तुकडा. तो ओळखीचा निघाला तर ती त्या पेशीला भोक पाडून संपवते. रॉडनी फिलिप्स, सारा रोलंड-जोन्स आणि अँड्र्यू मॅकमायकेल इथे त्याच रुग्णांचे विषाणू पुन्हा पुन्हा वाचताहेत. काही महिन्यांत त्या तुकड्यातलं एखादं अमिनो आम्ल बदललेलं सापडतं. बदललेला तुकडा समोर धरला तर त्याच माणसाच्या टी-पेशी त्याकडे ढुंकून बघत नाहीत. विषाणूचं विकर नकला करताना चुका करतं, दिवसाला अब्जावधी प्रती निघतात, आणि ज्या चुकीमुळे मारक पेशी फसते ती प्रत मागे उरते.

अर्थात प्रत्येक चूक विषाणूला परवडत नाही. एचएलए-बी२७ असलेल्या लोकांच्या पेशी त्याच्या गाभ्याच्या प्रथिनातला असा तुकडा दाखवतात, की तिथे फेरफार केला तर गाभाच नीट जुळत नाही. २६४ व्या जागेवरचं आर्जिनिन बदलायचं तर आधी दुसरीकडे डागडुजी करावी लागते. त्यात वर्षं जातात, आणि म्हणून असे बरेच लोक औषधाविनाही दीर्घकाळ बरे राहिलेले दिसतात. कोणाच्या पेशी कोणता तुकडा दाखवणार हे एचएलएवर ठरतं, आणि एचएलए वंशपरत्वे बदलतं. म्हणजे पुण्यात विषाणूही वेगळा आणि त्याची परीक्षा करणाऱ्या पेशींची ठेवणही वेगळी.

भोसरीत परत या, १९९९ च्या जानेवारीत. त्या सहा विषाणूंवरचा निबंध छापून आलाय. मारक टी-पेशी जे तुकडे ओळखतात असं तोवर पक्कं ठाऊक होतं, ते एलएआयच्या संहितेशी ताडून पाहिले तेव्हा पुण्याच्या विषाणूंत फक्त ३८ टक्के जसेच्या तसे निघाले. वरच्या आवरणाच्या प्रथिनात फरक सगळ्यात जास्त, गाभ्यात आणि विकरांत कमी. लस बनवणाऱ्यांच्या हातात त्या काळी बी उपप्रकाराचं साहित्य होतं. पॅरिसच्या एका बाटलीतल्या अपघातानं ठरलेलं माप पुण्याच्या रुग्णाला लावलं, तर निम्म्याहून जास्त तुकडे तंतोतंत जुळतच नव्हते. भारतातल्या विषाणूचा अभ्यास भारतातच झाला पाहिजे, असं म्हणणाऱ्यांकडे अभिमानापेक्षा भक्कम कारण होतं, ते हे. २००५ साली नारीतच भारतातली एचआयव्ही लसीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली, ती सी उपप्रकारावर बेतलेल्या लसीची.

सी उपप्रकाराचे आणखी काही विशेष बंगळुरूला दिसतात. इथल्या जवाहरलाल नेहरू केंद्रात उदयकुमार रंगा यांचा गट काम करतोय. २००४ मध्ये त्यांनी विषाणूच्या टॅट नावाच्या प्रथिनातल्या ३१ व्या जागेकडे बोट दाखवलं. बहुतेक उपप्रकारांत तिथे सिस्टीन असतं, सी मध्ये बहुधा सेरीन. एवढ्या एका फरकामुळे भारतीय टॅटकडे मोनोसाइट पेशी तितक्या धावत येत नाहीत. मोनोसाइट विषाणूला मेंदूपर्यंत वाहून नेतात, म्हणून हा फरक मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांना मोलाचा वाटला.

तिथेच २०१२ पर्यंत थांबा. एनएफ-कप्पा-बी हे पेशीचं धोक्याच्या वेळचं प्रथिन. टी-पेशी सावध झाली की ते केंद्रकात जाऊन संरक्षणाची जनुकं चालू करतं. विषाणूनं आपल्या जनुकांच्या आरंभी त्याला बसायला जागा ठेवल्या आहेत, म्हणजे पेशीनं स्वतःच्या बचावासाठी दिलेला आदेश विषाणूलाही चालू करतो. बी उपप्रकारात अशा २ जागा, सी मध्ये ३. आणि आता भारतातल्या रुग्णांत ४ जागांचे वाण पसरताना दिसताहेत. दोन्ही एकाच बशीत सोडले तर चारवाला तीनवाल्याला हटवतो. ज्यांच्या शरीरात दोन्ही आहेत त्यांच्यातही तेच.

आतापर्यंत पाहिले ते सगळे एचआयव्ही-१ चे वाण. एचआयव्ही-२ साठी थोडं मागे जाऊ. १९८५ मध्ये लिस्बनच्या ओडेट फेरेरा पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या रुग्णांचं रक्त घेऊन पॅरिसला पोचल्या. आजार एड्ससारखा, पण चाचणी एचआयव्ही-१ दाखवेना. त्यातून हा वेगळा विषाणू सापडला. १९९० च्या दशकात तो महाराष्ट्रात आणि गोव्यातही आढळला. याची लागण झालेल्या पुष्कळांचा आजार फार संथ चालतो. न्यूयॉर्कमधल्या प्रयोगांनी २०१० च्या सुमारास त्याचं एक संभाव्य कारण पुढे आणलं. एचआयव्ही-१ धोक्याची वर्दी देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींत सहसा वाढतच नाही, त्यामुळे त्यांना त्याचा सुगावा लागत नाही. एचआयव्ही-२ कडे व्हीपीएक्स हे जादा प्रथिन आहे. त्याच्या जोरावर तो तिथे वाढू शकतो, आणि वाढू लागला की पेशीला त्याचा डीएनए जाणवतो, इंटरफेरॉन सुटतं, बोंब होते. जास्त ताकदीचं हत्यार असलेला विषाणूच पकडला जातो.

सीसीआर५ आणि सीएक्ससीआर४ ची गोष्ट पुरी करायला दोन जर्मन शहरांतून घाईनं पुढे जा. बर्लिन, २००७: टिमथी रे ब्राऊन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अशा दात्याच्या मूळपेशी दिल्या जातात, ज्याच्या पेशींवर जन्मतःच सीसीआर५ नाही. विषाणू पुन्हा दिसत नाही. एसेनमध्ये, २०१४ साली छापून आलेल्या हकिकतीत, उपचार तोच, पण रुग्णाच्या शरीरात सीएक्ससीआर४ धरणारा वाण होता. तो परत आला.

शेवटी बाल्टिमोर, २०१५. औषधांनी विषाणू रक्तात मोजता न येण्याइतका खाली जातो, आणि हे सगळ्या उपप्रकारांत घडतं. डोल्युटेग्राविरसारखं औषध एचआयव्ही-२ वरही चालतं. औषध विकराच्या मर्मावर बसतं, आणि तिथे विषाणूला मनमानी फेरफार परवडत नाही. पण गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत तो परततो, कारण शांत झोपलेल्या टी-पेशींच्या डीएनएत त्याची प्रत दडलेली असते. रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटानं या दडलेल्या प्रती वाचल्या. ज्यांचे उपचार उशिरा सुरू झाले, त्यांच्या जवळपास सगळ्या प्रतींत मारक पेशींना चकवणारे तेच जुने बदल होते. ज्यांना लागण झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच औषध मिळालं, त्यांच्या साठ्यात असे बदल फारच थोडे. त्यांच्या मारक पेशी त्या विषाणूला अजून ओळखत होत्या. भारतात २००४ मध्ये मोफत औषधं सुरू झाली, तेव्हा सीडी४ पेशी ठरावीक आकड्याखाली घसरेपर्यंत रुग्णाला थांबावं लागे. २०१७ पासून तो आकडा कितीही असो, निदान झालं की गोळ्या सुरू होतात.